आधी खोका जपून ठेव

अगं, पहिलं म्हणजे तो पुठ्ठ्याचा खोका रद्दीवाल्याला देऊ नकोस. थर्माकोलचे तुकडेसुद्धा नकोत. लॉबीत ठेवला म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी कुरकुरतील, तर पलंगाखाली सरकव, पण घरात असू दे. टेबल परत न्यायची वेळ आली की समोरून पहिला प्रश्न येतो, "ओरिजिनल पॅकिंग आहे का?" भल्याभल्यांच्या तक्रारी तिथंच अडतात.

काल फोनवर तुझा आवाज रडवेला होता, म्हणून फार काही बोलले नाही. आता निवांत ऐक. चोवीस हजारांचं डायनिंग टेबल, वेबसाइटवर ठळक अक्षरांत 'अस्सल शीशम', आणि पावसाळा लागत नाही तोच कडेची पट्टी सुटून आतून भुसा डोकावतोय. तू पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. ओला पेला ठेवलास तिथं गोल फुगवटा आलाय आणि वरचा पापुद्रा नखानं उचलता येईल इतका सैल झालाय. भरीव शिसवावर पाण्याचा डाग पडेल, पण ते असं फुगून भुगा होणार नाही. म्हणजे टेबल खराब निघालं एवढीच तुझी तक्रार नाही. सांगितलं एक आणि दिलं भलतंच, हीसुद्धा आहे. या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहायच्या. दुसरी जास्त वजनदार, कारण ती त्यांच्याच जाहिरातीवरून सिद्ध होते.

म्हणून आजच त्या वेबसाइटवर जाऊन टेबलाच्या पानाचे स्क्रीनशॉट काढ. किंमत, 'शीशम' हा शब्द, मापं, वॉरंटी, परतीच्या अटी, सगळं आलं पाहिजे आणि तारीख दिसली पाहिजे. तक्रार गेली की पानं बदलतात. मग टेबलाचे फोटो दिवसाउजेडी, खिडकीजवळ काढ. एक संपूर्ण टेबलाचा, एक फुगवट्याचा अगदी जवळून, एक कडेच्या उघड्या भुशाचा, एक खोक्यावरच्या लेबलाचा. जीएसटी बिल, ऑर्डर नंबर, डिलिव्हरीचा मेसेज, कार्डाच्या स्टेटमेंटमधली ती ओळ, हे सगळं एका फोल्डरमध्ये टाक. स्टेटमेंटवर दुकानाचं नाव वेगळंच दिसेल, कारण पैसे बहुधा एखाद्या पेमेंट कंपनीमार्फत गेलेत. ते नाव जसंच्या तसं टिपून ठेव. आणि हो, टेबल वापरणं बंद. त्यावर जेवणं चालू राहिली तर 'माल परत घ्या' या म्हणण्यात जोर राहत नाही.

आता तू म्हणशील, "ताई, बँकेला फोन लावते ना, पैसे परत मागते." थांब. आधी दुकान, मग बँक. बँक तुला पहिला प्रश्न हाच विचारणार की दुकानदाराला कळवलंत का, कधी कळवलंत आणि तो काय म्हणाला. त्याचं उत्तर कागदावर नसेल तर तुझी तक्रार लंगडी.

फोन करायचा तर कर, पण फोन ठेवल्यावर लगेच मेल टाक, 'आत्ता फोनवर जे बोलणं झालं ते असं' म्हणून. इंग्रजीत लिही, पण मजकूर साधा ठेव. अमुक तारखेला अमुक ऑर्डर नंबरचं टेबल घेतलं. तुमच्या पानावर 'अस्सल शीशम' लिहिलं होतं, आलेलं टेबल भुशाच्या पाट्याचं आहे, फोटो जोडले आहेत. टेबल परत न्या आणि कार्डावर पूर्ण पैसे परत करा. टेबल न्यायला कधी येता ते अमुक तारखेपर्यंत कळवा. बस. 'माझ्या आईंनी किती हौसेनं' वगैरे नको. शिव्याशाप तर नकोतच, कारण हाच मेल पुढं बँकेत जाणार आणि कदाचित ग्राहक आयोगातही. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर तावातावानं लिहिलेलंही तिथं पोहोचतं, हे लक्षात ठेव.

ते उत्तर देतील, "आमच्याकडे रिफंड पॉलिसी नाही, फक्त एक्स्चेंज." घाबरू नकोस. ऑनलाइन विक्रीसाठी २०२० साली केंद्र सरकारनं ई-कॉमर्सचे नियम केले. त्यांत स्पष्ट आहे की माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात तिचा निकाल लावायचा, हेही त्यातच आहे. आणि हे ऑनलाइनपुरतं नाही. वाशीतल्या एखाद्या दुकानात 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी दिसते ना, तीही कायद्यापुढं टिकत नाही. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा म्हणतो की सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नाकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मेलमध्ये या दोन्हींचा उल्लेख एका ओळीत कर. समोरचा माणूस बदलतो बघ.

मग ते दुसरी युक्ती काढतील. "मॅडम, आमचा टेक्निशियन पाठवतो." येऊ दे. तो कडेला फेविकॉल लावेल, पट्टी दाबून धरेल आणि मोबाइल पुढं करून म्हणेल, "ताई, तुम्हाला एक कोड आलाय, तेवढा सांगा." काही कंपन्यांत त्याला चक्क 'हॅपी कोड' म्हणतात. तो कोड दिलास की त्यांच्या कॉम्प्युटरवर तुझी तक्रार 'ग्राहक समाधानी' म्हणून बंद. तू अजिबात हॅपी नसशील तर कोड देऊ नकोस. तो म्हणेल, "माझा पगार कापतात हो." त्याला चहा दे, कोड देऊ नकोस. त्याच्या कागदावर सही मागितली तर सहीच्या वर स्वतःच्या हातानं लिही, 'दोष कायम आहे, टेबल परत न्यावे', आणि कागदाचा फोटो काढ. स्टोअर क्रेडिट किंवा 'दोन हजार देतो, टेबल ठेवा' असं म्हणाले तर हो-नाही लेखी कळव. मूग गिळून बसलीस तर त्याचा अर्थ ते होकार असाच लावतील.

तू दिलेली तारीख टळली, किंवा 'नाही' असं उत्तर आलं, की बँकेकडं जायचं. इथं नीट ऐक, कारण पुष्कळ जणी इथंच घसरतात. ॲपवर किंवा फॉर्मवर तक्रारीचं कारण निवडायचं असतं. 'हा व्यवहार मी केलेला नाही' हा पर्याय निवडू नकोस. सोपा वाटतो, पण तो फसवणुकीसाठी आहे. कार्डाचे तपशील चोरून कुणी पैसे उडवले, तर त्यासाठी रिझर्व्ह बँकेचं २०१७चं परिपत्रक होतं. बँकेची चूक नसताना तिऱ्हाइतानं घात केला आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. तुझं तसं नाही. ओटीपी तूच टाकलास, टेबल तुझ्याच घरी आलं, डिलिव्हरीवर सही तुझ्याच नवऱ्याची आहे. फसवणूक म्हणालीस की आधी तुझं कार्ड ब्लॉक होईल, मग दुकानदार ओटीपीची नोंद आणि सही दाखवेल, आणि तू खोटी ठरशील. तुझं कारण आहे 'माल सदोष किंवा वर्णनाप्रमाणे नाही'. हा पर्याय व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे सगळ्यांच्या चौकटीत बसतो. ॲपवर सापडला नाही तर कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन करून 'डिस्प्यूट फॉर्म' माग.

या सगळ्याला म्हणतात चार्जबॅक. तुझी बँक तुझे कागद कार्डाच्या नेटवर्कमार्फत दुकानदाराच्या बँकेकडं पाठवते, ती दुकानदाराला विचारते, तो आपले कागद देतो, आणि ते उलट वाटेनं परत येतात. यात तुझी बँक पंच कमी आणि पोस्टमन जास्त. टेबल बघायला तिथून कुणी येणार नाही. तुझ्या वतीनं बोलणार ते फक्त त्या फोल्डरमधले कागद. म्हणून फॉर्मला सगळं जोडताना पहिल्या पानावर तारीखवार दहा ओळींचा गोषवारा दे. कधी घेतलं, कधी आलं, कधी कळवलं, टेबल परत न्या असं कधी म्हटलं, उत्तर काय आलं. ज्या माणसासमोर दिवसाला शेकड्यानं फायली येतात त्याला ते एक पान वाचता आलं पाहिजे.

मुदतीचं बघ. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत अशा तक्रारीसाठी साधारण १२० दिवस मिळतात, पण ते तुझ्या बँकेनं पुढं पाठवण्यासाठी. तुझ्यासाठी बँकेची स्वतःची मुदत कमी असू शकते, कार्डासोबत आलेल्या बारीक अक्षरांतल्या पुस्तिकेत ती असते. तेव्हा दुकानदार 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणत राहिला तर महिनेच्या महिने वाट बघत बसू नकोस. बरेच विक्रेते ग्राहकाला झुलवत ठेवतात ते नेमकं याचसाठी.

बँकेनं पैसे तात्पुरते जमा केले तर हुरळून जाऊ नकोस. दुकानदारानं उत्तर दिलं आणि ते ग्राह्य धरलं गेलं तर ते परत वजा होतात. त्याचं उत्तर आलं की त्याची प्रत माग आणि वाच. बहुतेक वेळा त्यात 'माल पोचवला' एवढंच असतं. माल पोचला याबद्दल तुझं भांडण नाहीच, तो चुकीचा पोचला याबद्दल आहे, असं शांतपणे लिहून पाठव. तक्रारीनंतर जास्तीत जास्त ३० दिवसांत बँकेनं बिलाबद्दल स्पष्टीकरण द्यावं आणि लागू असेल तिथं कागदोपत्री पुरावा द्यावा, असं रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांत आहे. तो आधार घेऊन माग.

आपला लंडनचा चुलतभाऊ काल ग्रुपवर म्हणाला, "कार्ड कंपनीच जबाबदार असते, सोप्पं आहे." त्याच्याकडं ते खरं आहे. तिथल्या १९७४च्या कायद्यात एका वस्तूची किंमत शंभर पौंडांच्या वर आणि तीस हजार पौंडांपर्यंत असेल तर कार्ड देणारी बँक विक्रेत्याइतकीच जबाबदार धरली जाते. आपल्याकडं तसा कायदा नाही. आपला चार्जबॅक उभा आहे तो कार्ड नेटवर्कच्या नियमांवर, म्हणून इथं 'माझा हक्क आहे' असं ओरडून भागत नाही. त्याला थँक्यू म्हण आणि आपले कागद गोळा कर.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथं तू माझं ऐकायचंच. वाद चालू आहे म्हणून कार्डाचं बिल थांबवू नकोस. 'त्यांचे चोवीस हजार मी का भरू?' हा राग मला कळतो. पण तुझं टेबल खोटं निघालं हे बँकेच्या व्याजाच्या मीटरला कळत नाही. महिन्याला साडेतीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, वर्षाचे ते बेचाळीस होतात, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. बिल पूर्ण भरलं नाही की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, म्हणजे किराण्यावर आणि पेट्रोलवरही व्याज लागायला सुरुवात. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये ३० टक्क्यांच्या वरचं कार्डव्याज म्हणजे अनुचित व्यापारी प्रथा असा निकाल दिला होता. सर्वोच्च न्यायालयानं तो डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. तेव्हा तिथूनही आडोसा नाही. शिवाय देय तारीख उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाले की थकबाकी सिबिलसारख्या संस्थांकडं कळवता येते. उद्या घराच्या कर्जासाठी जाशील तेव्हा टेबलाची गोष्ट कुणी ऐकणार नाही.

बँकेला लेखी विचार की वादातली रक्कम बाजूला ठेवता का. हो म्हणाले तर तेही लेखी घे. नाही म्हणाले तर पूर्ण भर, 'मिनिमम ड्यू'वर भागवू नकोस. भरलंस म्हणजे हरलीस असं नाही. पैसे परत आले की कार्डावर जमा होतील, आणि भरलेल्या बिलाचा मोठा परतावा असेल तर तो बँक खात्यात मागता येतो. आणि तू टेबल ईएमआयवर घेतलं असशील तर एक पाचर आहे. पैसे परत आले तरी ईएमआय आपोआप बंद होतोच असं नाही. बँकेला सांगून तो रद्द करून घे आणि पुढच्या स्टेटमेंटवर खात्री कर.

आणखी एक धोका. 'कस्टमर केअर'चा नंबर गूगलवर शोधू नकोस. वैतागलेल्या ग्राहकाची वाट बघत बसलेले भामटे तिथं खोटे नंबर टाकतात. ते गोड बोलतील, रिफंडसाठी एखादं ॲप उतरवायला सांगतील आणि तुझी स्क्रीन बघत खातं साफ करतील. पैसे परत घ्यायला ओटीपी किंवा पिन कधीच लागत नाही. कार्डाच्या मागचा नंबर, बँकेचं ॲप, बस.

समजा बँकेनं महिनाभर दाद दिली नाही किंवा उडवाउडवी केली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार कर. फी नाही, वकील नाही. १४४४८ हा त्यांचा मदतीचा नंबर आहे. बेलापूरच्या रिझर्व्ह बँकेच्या गेटवर जाऊन उभी राहू नकोस, हे काम तिथलं नाही. आणि लोकपाल बघतो ते बँकेची सेवा. टेबल शिसवाचं की भुशाचं हे ठरवणं त्याचं काम नाही. दुकानदाराला जाब विचारायची जागा वेगळी.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद कर, पुष्कळ कंपन्या तिथूनच नरमतात. नाही नरमल्या तर जिल्हा ग्राहक आयोग. आता गंमत बघ. आपण सगळे स्वतःला नवी मुंबईकर म्हणतो, पण तुझं खारघर रायगड जिल्ह्यात, म्हणजे आयोग अलिबागला. तुझं ऑफिस मात्र ऐरोलीत, ठाणे जिल्ह्यात. आणि तक्रारदार जिथं राहतो किंवा जिथं नोकरी करतो, त्यातल्या कुठल्याही ठिकाणी तक्रार करायची मुभा कायदा देतो. म्हणजे बेलापूरच्या कोकण भवनात बसणारा ठाण्याचा अतिरिक्त आयोग तुला चालेल. ट्रेननं थेट जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या अर्ज भरता येतो, आणि स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. चार्जबॅक फेटाळला गेला म्हणून हे दार बंद होत नाही. टेबलाच्या किमतीबरोबर झालेल्या त्रासाची भरपाई आणि खर्चही मागता येतो. लिहिताना अडलीस तर मुंबई ग्राहक पंचायतीकडं जा. १९७५ पासून हेच काम करणारी माणसं आहेत ती. फक्त एक प्रामाणिकपणा पाळ. बँकेकडून पैसे मिळाले आणि दुकानदारानंही दिले, तर एक रक्कम परत कर. दोन्हीकडून घेणं अंगाशी येतं.

सासूबाई म्हणतील, "जाऊ दे गं, कशाला डोक्याला ताप, वर काचेचा टॉप टाकून घेऊ." नवराही मान डोलवेल. त्यांना उलटून बोलू नकोस, पण मागेही हटू नकोस. जाऊ दे म्हणणाऱ्या प्रत्येक घरामागं त्या वेबसाइटवर आणखी एक 'अस्सल शीशम' विकलं जातं. आणि खरं सांगू, यात धाडस वगैरे काही लागत नाही. तुझ्या ऑफिसात तू दिवसभर मेलच लिहितेस, पाठपुरावाच करतेस, तारखाच पाळतेस. कुणाच्या तरी कंपनीसाठी जे रोज करतेस ते या वेळी स्वतःच्या चोवीस हजारांसाठी करायचंय.

तेव्हा आज जेवणं झाली की फोटो काढ, स्क्रीनशॉट घे आणि मेलचा मसुदा लिही. पाठवायच्या आधी मला टाक. मला ठाऊक आहे तू कशी लिहितेस. सुरुवातीला 'सॉरी टू ट्रबल यू', शेवटी तीन प्लीज. ती सगळी मी खोडणार आहे.